भट्टीजवळचा स्क्रीन आणि दोन लिप्या: उद्यमबागेतील एक प्रकरण अभ्यास

बेळगावच्या खानापूर रस्त्याला लागून उद्यमबागेत आणि पुढे मच्छेपर्यंत ओतकामाचे लहानमोठे कारखाने आहेत. त्यांपैकी एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीने २०२३ मध्ये आपले ‘हीट रजिस्टर’ वहीतून संगणकावर आणण्याचे काम आमच्याकडे दिले. इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवलेल्या लोखंडाच्या प्रत्येक खेपेला हीट म्हणतात. त्या हीटमध्ये पिग आयर्न, स्क्रॅप आणि फेरोसिलिकॉन किती पडले, स्पेक्ट्रोने (धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरने) कार्बन व सिलिकॉन किती दाखवले, टॅपिंगच्या म्हणजे रस भट्टीतून काढण्याच्या वेळी तापमान किती होते आणि तो रस कोणत्या साच्यांत गेला, हे सर्व त्या रजिस्टरात येते. सहा महिन्यांनी एखादे कास्टिंग तडकल्याची तक्रार ग्राहकाकडून आली, तर मागोवा घेण्यासाठी कारखान्याच्या हातात एवढी एकच नोंद असते.

एकच प्रोग्राम वेगवेगळ्या संगणकप्रणालींवर चालावा यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांची निवड करताना चर्चा बहुधा प्रोग्रामिंगची भाषा, वेग आणि दिसणे यांभोवतीच फिरते. आम्हीही तशीच सुरुवात केली आणि त्यात पाच आठवडे वाया गेले. अक्षरे नीट जुळतात की नाही हा प्रश्न आमच्या यादीत कुठेच नव्हता, आणि शेवटी संपूर्ण निर्णय त्याच प्रश्नावर झाला.

कारखान्यात चार प्रकारची यंत्रे होती. कार्यालयात विंडोज १० चे दोन संगणक होते. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला विंडोज ७ चा, ३२-बिटचा जुना संगणक होता. यंत्राबरोबर आलेले सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालत असल्यामुळे त्याला हात लावण्याची कोणाचीही तयारी नव्हती, आणि ती भीती रास्त होती. फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर लोखंडी पेटीत बसवलेला, दोन जीबी स्मृतीचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आणि त्याला जोडलेला टचस्क्रीन आम्ही देणार होतो, म्हणजे तिथे लिनक्स आले. चौथा मालकांच्या मुलीचा मॅकबुक. तिला घरी बसून दिवसाचा गोषवारा पाहायचा होता.

ही माहिती एखाद्या वेब पानावर का दाखवली नाही, असा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल. तो विचार आम्ही केला होता. परंतु फर्नेसजवळचे नेटवर्क भरवशाचे नव्हते, आणि जाळे तुटले म्हणून हीटची नोंद चुकली तर सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. तापमान मोजणारा पायरोमीटर सीरिअल पोर्टने थेट पायला जोडायचा होता. नोंद आधी जागेवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये पडावी आणि जाळे असेल तेव्हा कार्यालयात जावी, असे ठरले. त्यामुळे प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम अपरिहार्य झाला.

यंत्रांइतकीच माणसेही वेगवेगळी होती. मेल्टिंगवरचे बहुतेक कामगार येळ्ळूर, कंग्राळी आणि खानापूर भागातले मराठी बोलणारे, तर दुसऱ्या पाळीचा गट बैलहोंगल आणि हुक्केरीकडचा कन्नड बोलणारा. एकमेकांची भाषा सर्वांना समजते आणि फर्नेसवर दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात. वाचण्याची सवय मात्र शाळेतल्या लिपीची असते. घाईत, धगीत, पाच सेकंदांत वाचायचे असेल तेव्हा आपलीच लिपी लागते.

पायथन आमच्या हातातली भाषा असल्यामुळे पहिली आवृत्ती आम्ही टीकिंटरमध्ये, म्हणजे टीके या पडदे बनवण्याच्या साधनाच्या पायथन-जोडात, लिहिली. टीके हे साधन जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल भाषेसोबत घडवले. पायथनसोबत ते बहुधा आपोआप येते, वेगळे काही बसवावे लागत नाही, परवान्याचा प्रश्न येत नाही आणि जुन्या संगणकावरही ते चपळपणे चालते. माझ्या टेबलावरच्या विंडोज १० वर सगळे पडदे उत्तम दिसले. मालकांना दाखवले, त्यांनी मान्यता दिली, आणि आम्ही पाय घेऊन फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर चढलो.

तिथे पडदा उघडल्यावर फर्नेसवरच्या मामांनी हातमोजा काढून बोट ठेवले आणि विचारले, “साहेब, हे ‘सलिकि’ म्हणजे काय ओ?”

तो शब्द ‘सिलिकॉन’ होता. ‘सि’ची वेलांटी ‘स’च्या आधी न येता नंतर आली होती आणि तिचा वरचा बाक पुढच्या ‘ल’वर जाऊन टेकला होता, ‘लि’ची वेलांटी तशीच ‘क’च्या डोक्यावर गेली होती. ‘मॅग्नेशियम’मधला ‘ग’ अर्धा होण्याऐवजी पायाशी हलन्त घेऊन पूर्ण उभा होता. ‘भट्ट्या’ या शब्दात तर दोन ‘ट’ आणि एक ‘य’ एकामागून एक सुटे मांडले होते. कन्नडची अवस्था याहून वाईट होती. कन्नड लिपीत जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लहान रूपात लिहितात, त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. इथे एकही ओत्तक्षर खाली गेले नव्हते. दुसऱ्या पाळीतल्या तरुणाने दोन शब्द वाचून पाहिले आणि तो वहीकडे वळला.

कारण तांत्रिक आहे, पण ते समजून घेण्यासारखे आहे. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात: आधी ‘स’, मग वेलांटी. ती पडद्यावर लिहिण्याच्या क्रमाने मांडणे, जोडाक्षरांसाठी फॉन्टमधून योग्य आकार उचलणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणे, हे सगळे काम मजकूर जुळवणारा वेगळा घटक करतो. विंडोजवर टीके हे काम विंडोजच्या यंत्रणेकडे सोपवते, म्हणून माझ्या टेबलावर सर्व ठीक होते. लिनक्सवर मात्र टीके ८.६ प्रत्येक सांकेतिक क्रमांकासाठी फॉन्टमधला एक आकार उचलते आणि ओळीने ठेवून देते. रोमन लिपीला तेवढे पुरते. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना ते पुरत नाही. जे साधन ‘सर्व प्रणालींवर चालते’ असे आम्ही ग्राहकाला सांगितले होते, ते चालत होतेच. आमची अक्षरे सर्व प्रणालींवर चालत नव्हती. हे आम्ही पहिल्या दिवशी, एका बटणाच्या प्रोग्रामने, दहा मिनिटांत तपासू शकलो असतो.

यानंतर आम्ही शब्दांचा एक चाचणी-कागद तयार केला. वीस मराठी शब्द, वीस कन्नड शब्द. मराठीत ‘राष्ट्रीय’, ‘भट्ट्या’, ‘सिलिकॉन’, ‘कृती’ आणि ‘वार्‍याचा दाब’ असे शब्द मुद्दाम घेतले. ‘वार्‍याचा’मधला आडवा ‘र’ हा मराठीचा खास आकार असल्यामुळे हिंदीसाठी घेतलेल्या चाचण्यांत तो बहुधा सुटतो. कन्नड शब्द प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने निवडले, तो बैलहोंगलचा. प्रत्येक साधनात एक छोटा प्रोग्राम लिहायचा, त्यात एक लेबल, एक लिहिण्याची चौकट, एक तक्ता आणि एक छापील पान असेल, आणि तो चारही यंत्रांवर चालवून पडद्यांचे छापे कामगारांपुढे ठेवायचे, अशी पद्धत ठरली.

डब्ल्यूएक्सविजेट्स हे पहिले. १९९२ मध्ये एडिनबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केलेले हे साधन त्या त्या प्रणालीचीच मूळ बटणे आणि चौकटी वापरते, त्यामुळे विंडोजवर प्रोग्राम अस्सल विंडोजचा वाटतो आणि लिनक्सवर तिथल्या जीटीके या साधनाचा. अक्षरांच्या परीक्षेत ते उतरले, कारण लिनक्सवर जीटीकेच्या मागे असलेली पँगो ही यंत्रणा अक्षरे नीट जुळवते. अडचण वेगळीच निघाली. विंडोज, लिनक्स आणि मॅक यांच्या अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणा तीन वेगळ्या, फॉन्ट वेगळे, आणि विंडोज ७ वरचा जुना ‘मंगल’ काही जोडाक्षरे इतरांपेक्षा निराळी मांडतो. म्हणजे प्रत्येक शब्द प्रत्येक यंत्रावर वेगळा तपासणे आले. शिवाय फर्नेसवरचे बटण तळहाताएवढे हवे होते आणि मूळ बटणांची उंची व रंग मनासारखे बदलण्यावर मर्यादा येत होत्या. कार्यालयातल्या नेहमीच्या कामासाठी मी आजही डब्ल्यूएक्सविजेट्सचा विचार आनंदाने करीन.

इलेक्ट्रॉनमध्ये अक्षरांची तक्रार जवळजवळ नव्हतीच. गिटहबच्या ॲटम या संपादकासाठी २०१३ मध्ये सुरू झालेले हे साधन प्रत्येक प्रोग्रामसोबत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर बांधून देते, आणि ब्राउझरला जगातल्या सगळ्या लिप्या याव्याच लागतात. पण याच वर्षी, २०२३ मध्ये, आलेल्या तेविसाव्या आवृत्तीपासून त्याने विंडोज ७ सोडून दिले होते, आणि दोन जीबीच्या पायवर ब्राउझरचे ओझे दिवसभर वाहणे आम्हाला पटले नाही. फ्लटरची डेस्कटॉप बाजू २०२२ मध्ये स्थिर झाली होती. त्यासाठी डार्ट भाषा शिकावी लागणार होती आणि विंडोज ७ चा प्रश्न तिथेही सुटत नव्हता. तो पर्याय आम्ही फार खोलात न जाता बाजूला ठेवला.

उरले क्यूटी. हे साधन बटणे स्वतः रंगवते आणि मुख्य म्हणजे अक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ हा घटक स्वतःसोबत घेऊन फिरते. त्यामुळे फॉन्टही आपणच सोबत दिला, तर विंडोज ७ पासून मॅकपर्यंत ‘भट्ट्या’ हा शब्द एकाच आकारात दिसतो. चाचणीत तसेच दिसले. क्यूटी ६ ला विंडोज १० लागत असल्याने आम्ही ५.१५ ही मागील मालिका घेतली, पायथनची ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका असल्याने तीही ठरून गेली. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकाने सर्वांचे वय ठरवले, असे म्हणता येईल, आणि लहान कारखान्यांत नेहमी असेच घडते.

परवान्याबद्दल मालकांना शंका होती. क्यूटीचा तो इतिहास वळणावळणाचा आहे. नॉर्वेच्या ट्रोलटेकने १९९५ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केले तेव्हाचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीला उतरत नव्हता, आणि त्याच नाराजीतून १९९७ मध्ये लिनक्सच्या डेस्कटॉपसाठीचा ग्नोम प्रकल्प उभा राहिला. नोकियाने ट्रोलटेक विकत घेतल्यावर २००९ मध्ये ४.५ या आवृत्तीपासून एलजीपीएल हा, खासगी प्रोग्रामसोबतही वापरू देणारा, सैल परवाना आला. पायथनसाठी पायक्यूटी आणि पायसाइड असे दोन जोड आहेत. पायक्यूटी जीपीएल (आपला वाटलेला प्रोग्रामही खुला करायला लावणारा परवाना) किंवा विकतच्या परवान्याखाली मिळते, पायसाइड एलजीपीएलखाली. आम्ही पायसाइड घेतले आणि क्यूटीच्या फाइली प्रोग्रामपासून वेगळ्या राहतील, कोणाला बदलायच्या असतील तर बदलता येतील, अशी बांधणी केली. हे करारात मराठीत लिहून दिल्यावर मालकांचे समाधान झाले.

फॉन्टसाठी नोटो सॅन्सचे देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही भाग प्रोग्रामसोबत दिले. विंडोज ८ पासून येणारा ‘निर्मला यूआय’ दोन्ही लिप्या सांभाळतो, पण विंडोज ७ वर तो नाही. इथे एक बारीक गोष्ट लक्षात आली. आम्ही तक्त्याच्या ओळींची उंची २४ पिक्सेल अशी पक्की ठरवली होती. देवनागरीचा पसारा वर मात्रांकडे वाढतो, कन्नडचा खाली ओत्तक्षरांकडे. मराठी ओळी नीट दिसत होत्या, कन्नड ओळींत खालचे ओत्तक्षर अर्धे कापले जात होते, आणि त्यातून शब्दाचा अर्थच बदलू शकत होता. उंची फॉन्टच्या मापावरून काढायची, आकडा हाताने लिहायचा नाही, हा नियम तेव्हापासून पाळला. रुंदीचेही तेच. बटणे एकेका जागी खिळवून न ठेवता जाळीच्या मांडणीत ठेवली, म्हणजे कन्नड शब्द लांबला की स्तंभ आपोआप रुंदावतो.

खरा धोका मात्र आकड्यांत लपला होता, आणि तो सापडला याचे मला आजही समाधान आहे. क्यूटीला ‘मराठी, भारत’ असे सांगितले की ते संख्या देवनागरी आकड्यांत लिहिते. ‘कन्नड, भारत’ सांगितले की इंग्रजी आकड्यांत. दोन्ही त्या त्या भाषांच्या प्रमाणित माहितीला धरूनच आहे. पण पाळी बदलताना पडदा मराठीत राहिला, तर कन्नड कामगारापुढे देवनागरी आकडे येतात, आणि देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. ग्रे आयर्नसाठी (नेहमीचे ओतीव लोखंड) कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवून कार्बन इक्विव्हॅलंट काढतात: कार्बन ३.४०, सिलिकॉन १.९८ आणि फॉस्फरस ०.०६ असेल, तर तो ४.०८ येतो. त्या १.९८ मधला पहिला आकडा नऊ वाचला गेला तर अनुभवी माणूस थबकेल, कारण एवढे सिलिकॉन असूच शकत नाही. पण वजनाच्या १०० किलोत तसा अडसर नाही. आम्ही मामांना आणि दुसऱ्या पाळीच्या अण्णांना एकत्र बसवून विचारले. दोघेही स्पेक्ट्रोचा आणि वजनकाट्याचा आकडा रोज इंग्रजीतच वाचतात, असे त्यांनी सांगितले. भाषा कोणतीही असो, संख्या इंग्रजी आकड्यांत दाखवायच्या, हे तिथेच ठरले. देवनागरी आकड्यांविषयी मला आपुलकी आहे, हा लेखही त्यांतच आहे. पण फर्नेसजवळ दोन पाळ्यांना एकच आकडा दिसला पाहिजे.

शब्दांच्या निवडीला सर्वांत जास्त वेळ लागला. क्यूटीमध्ये प्रोग्राममधली प्रत्येक सूचना भाषांतराच्या वेगळ्या फाइलीत जाते आणि क्यूटी लिंग्विस्ट या साधनात ती भरता येते, त्यामुळे हे काम प्रोग्रामरकडे अडकून राहत नाही. मी सुरुवातीला ‘जतन करा’, ‘वितळण क्रमांक’, ‘ओतपात्र’ असे शब्द घातले होते. सुपरवायझरनी ते शांतपणे खोडले. त्यांच्याकडे हीट आहे, लॅडल आहे, चार्ज आहे; ‘जतन’ऐवजी ‘नोंदवा’ त्यांना बरे वाटले. कन्नड बाजूलाही हीट आणि लॅडल तसेच राहिले. ‘तापमान’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच निघाला आणि तो दोघांनीही ठेवून घेतला. भाषा बदलण्याच्या बटणावर प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहिले, म्हणजे चुकून दुसऱ्या भाषेत अडकलेल्या माणसाला परतीची वाट दिसते.

प्रयोगशाळेत शेरे टंकित करावे लागत. तिथे इन्स्क्रिप्ट कळफलकाचा उपयोग झाला: भारतीय लिप्यांसाठी त्याची रचना समान असल्याने ज्या कळीवर मराठीचा ‘क’ आहे त्याच कळीवर कन्नडचा ‘क’ आहे. तंत्रज्ञाने कन्नडमध्ये टंकन शिकले होते, आणि दोन दिवसांत तो मराठी शेरेही लिहू लागला. कामगारांच्या नावांची यादी लावताना ‘माळी’ हे आडनाव ‘मावळे’च्या आधी येत होते, कारण युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘व’च्या आधी आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. तो क्रम आम्ही हाताने दुरुस्त केला.

एसजी आयर्नचा (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या ओतीव लोखंडाचा) पडदा स्वतंत्र आहे. मॅग्नेशियमची प्रक्रिया केल्यावर त्याचा परिणाम मिनिटागणिक ओसरत जातो, म्हणून लॅडल साधारण दहा मिनिटांच्या आत रिकामे करावे लागते. तिथे पडदाभर एकच उलटी घड्याळगणना आहे आणि शेवटची दोन मिनिटे उरली की पार्श्वभूमी तांबडी होते. त्या पडद्यावर अक्षरे जवळजवळ नाहीत. आधी लावलेला टचस्क्रीन चामड्याच्या हातमोज्याला दाद देत नव्हता. दाबाने चालणारा रेझिस्टिव्ह प्रकारचा लावल्यावर मोजा काढण्याची गरज उरली नाही.

सगळे सुटले असे नाही. प्रयोगशाळेतल्या संगणकावर प्रोग्राम उघडायला अजूनही वेळ लागतो. रास्पबेरी पायची प्रणाली ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीपासून वेलँड या पडदा दाखवण्याच्या नव्या यंत्रणेवर गेली. आम्ही अद्याप आधीच्या आवृत्तीवरच आहोत. स्पेक्ट्रोचे नवे सॉफ्टवेअर आले की विंडोज ७ जाईल आणि मग क्यूटी ६ कडे जाण्याचे काम समोर उभे राहील.

चाचणी-कागद प्लॅटफॉर्मवरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे आणि नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी मामा व अण्णा तो पडद्याशी ताडून पाहतात. गेल्या खेपेला मामांनी त्यात पेनाने एकविसावा शब्द वाढवला: ‘स्लॅग काढल्याशिवाय’. त्यातला ‘ल्या’ आधीच्या पडद्यावर तुटला होता, हे त्यांच्या लक्षात होते.